एकच ओळ, दोन जागा: डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजचं प्रकरण

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पॅकेज (म्हणजे लावायला तयार केलेलं सॉफ्टवेअर) मेंटेन करायला शिकायचंय असं कोणी म्हटलं की मी त्याला आधी टूल्स शिकवत बसत नाही, आधी हे प्रकरण समजावून सांगतो. कारण पॅकेज बिल्ड करणं आठवड्याभरात जमतं, पण दुसऱ्याच्या कोडमधली एक ओळ आपण का बदलतोय हे स्वतःला नीट विचारायची सवय लागायला फार वेळ जातो, आणि ती नसली तर काय होतं ते इथे दिसतं.

आधी निकाल सांगतो. १३ मे २००८ ला डेबियनने सिक्युरिटी अ‍ॅडव्हायजरी काढली, क्रमांक १५७१. डेबियनच्या ओपनएसएसएल (बाकी प्रोग्राम वापरतात ती एन्क्रिप्शनची लायब्ररी) पॅकेजमधला रँडम नंबर जनरेटर अंदाज बांधता येईल असा झालाय, म्हणून या पॅकेजच्या मदतीने बनलेल्या सगळ्या किल्ल्या, म्हणजे रँडम आकड्यांतून बनलेले गुप्त आकडे (एसएसएचच्या म्हणजे दूरच्या मशिनवर लॉगिनच्या, ओपनव्हीपीएनच्या, वेबसाइटच्या सर्टिफिकेटच्या) फेकून द्या आणि नवीन बनवा, असं त्यात होतं. हा दोष सापडला लुसियानो बेल्लो या डेबियन डेव्हलपरला. पहिली सदोष आवृत्ती ०.९.८सी-१ ही १७ सप्टेंबर २००६ ला अनस्टेबलमध्ये (डेबियनची नव्या पॅकेजांची शाखा) अपलोड झाली होती, म्हणजे जवळजवळ वीस महिने हे सगळं जगभरच्या सर्व्हरांवर चालू होतं. मधल्या काळात ८ एप्रिल २००७ ला डेबियन ४.०, टोपणनाव एच (Etch), स्टेबल म्हणजे पक्की आवृत्ती म्हणून आलं आणि दोष त्याच्यासोबत स्टेबलमध्ये गेला. उबुंटू डेबियनचीच पॅकेजं घेतं, त्यामुळे ७.०४, ७.१० आणि जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी आलेली ८.०४ एलटीएस, तिन्ही त्यात सापडल्या. डेबियनची आधीची स्टेबल आवृत्ती सार्ज मात्र वाचली, कारण त्यातलं ओपनएसएसएल या बदलाच्या आधीचं होतं.

आता हे झालं कसं.

ज्यांनी सोर्स पॅकेज कधी उघडून पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मूळ प्रोजेक्टला आपण अपस्ट्रीम म्हणतो, त्यांनी रिलीज केलेला टारबॉल (सगळ्या कोडची एक गुंडाळलेली फाइल) जसाच्या तसा घ्यायचा, आणि डेबियनसाठी लागणारे बदल त्याच्या बाजूला वेगळे ठेवायचे. तेव्हाच्या १.० फॉरमॅटमध्ये हे बदल म्हणजे एक डिफ फाइल (कुठल्या ओळी बदलल्या याची नोंद) असायची आणि तिच्यात सगळं एकत्र, बिल्डचे नियम, चेंजलॉग, आणि मूळ सी कोडमध्ये केलेला बदलही तिथेच मधे कुठेतरी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एप्रिल २००६ मध्ये डेबियनच्या बगट्रॅकरवर तक्रार आली, नंबर ३६३५१६. तक्रार रास्त होती. व्हॅलग्राइंड नावाचं टूल आहे, प्रोग्राम चालवताना मेमरीच्या चुका पकडतं, एखाद्या जागेत आधी काही न भरताच तिथलं मूल्य वापरलं तर लगेच ओरडतं. आता ओपनएसएसएल वापरणारा कुठलाही प्रोग्राम व्हॅलग्राइंडखाली चालवला की वॉर्निंगचा नुसता पाऊस पडायचा, कारण जनरेटरमध्ये न भरलेली मेमरी मिसळली जायची आणि तिथून पुढे जे जे रँडम आकड्यांवर अवलंबून ते सगळं व्हॅलग्राइंडला संशयास्पद वाटायचं. बिचाऱ्या प्रोग्रामरला स्वतःची खरी चूक त्या ढिगाऱ्यात दिसेनाशी व्हायची. मेंटेनरने ते मनावर घेतलं, शोधलं, आणि वॉर्निंग कुठल्या दोन ओळींवरून येतात ते काढलं.

त्या दोन ओळी एकाच फाइलमध्ये होत्या, आणि दोन्ही अक्षराअक्षराने जवळजवळ सारख्या. एमडी_अपडेट, कंसात एम, बफ, जे. म्हणजे ‘बफ या जागेतले जे इतके बाइट हॅशमध्ये (बाइट घुसळून एक करणाऱ्या गणितात) मिसळ’. पण दोन फंक्शनं वेगळी होती, आणि सगळं प्रकरण इथेच आहे, म्हणून जरा थांबून बघू.

जनरेटर म्हणजे एक मोठं पातेलं समजा. पहिलं फंक्शन पातेल्यात घालायचं. ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलेले रँडम बाइट बफमध्ये ठेवून या फंक्शनला दिले जातात आणि ते पातेल्यात मिसळतं. दुसरं फंक्शन पातेल्यातून काढायचं. कोणाला रँडम आकडे हवे असतील तर तो बफ नावाची रिकामी वाटी पुढे करतो आणि फंक्शन ती भरून देतं. भरण्याआधी त्या वाटीत जो काही जुना कचरा पडलेला असेल तोही हे दुसरं फंक्शन पातेल्यात ढकलायचं, असेल थोडा उपयोगी तर असेल, नसला तरी बिघडत काही नाही. म्हणजे दुसऱ्या ठिकाणची ओळ काढली तर काही नुकसान नाही. अपस्ट्रीमलाही हे माहीत होतं, तिथे शेजारी कॉमेंटच (कोडमध्ये लिहिलेली टीप) होती की प्युरिफाय (हे व्हॅलग्राइंडसारखंच आधीचं टूल) इथे तक्रार करतं, आणि बिल्ड करताना प्युरिफायचा फ्लॅग दिला तर तेवढी एक ओळ आपोआप वगळली जाईल अशी सोयही करून ठेवलेली होती.

पहिल्या ठिकाणी मात्र अशी कॉमेंट नव्हती, फ्लॅगही नव्हता. कारण तिथे तीच ओळ म्हणजे अख्खं फंक्शन. काही ठिकाणांहून त्याला अर्धवट भरलेली वाटी दिली जायची म्हणून व्हॅलग्राइंड तिथेही बोट दाखवायचं, पण दोष वाटी देणाऱ्याचा होता, घालणाऱ्या ओळीचा नव्हता. ती ओळ काढल्यावर काय होतं? पळी पातेल्यात बुडते, ढवळलंही जातं, फक्त पळीत काहीच नसतं. ऑपरेटिंग सिस्टिम चांगले रँडम बाइट देतेय, फंक्शन ते घेतंय, आणि त्यातलं काहीही आत जात नाही.

मग आत काय उरलं? आकडे काढताना प्रोसेसचा नंबर, पीआयडी, तोही मिसळला जायचा. बदलणारी म्हणून तेवढीच एक गोष्ट राहिली. लिनक्सवर पीआयडी साधारण ३२,७६८ च्या आत असतो. म्हणजे एका प्रकारच्या मशिनवर, एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्ल्या जगात एकूण बत्तीस हजार सातशे आणि काही, बास. २०४८ बिटची आरएसए किल्ली बघायला २०४८ बिटचीच, लांबी बरोबर, गणित बरोबर, सही बरोबर होते, व्हेरिफाय बरोबर होतं. पण ती बत्तीस हजारांतली एक आहे. मशिनचा प्रकार बदलला (३२ बिट, ६४ बिट, बाइटांचा क्रम) की यादी बदलते, तरी एकूण हिशोब कोणीही घरी बसून करू शकेल इतकाच. अ‍ॅडव्हायजरी आल्यावर काही दिवसांतच नेहमीच्या प्रकारांच्या सगळ्या किल्ल्या बनवून लोकांनी उघड्यावर ठेवल्याही.

टेस्टमध्ये का पकडलं गेलं नाही, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. एक किल्ली हातात घेऊन ती कमकुवत आहे हे दिसतच नाही. हॅशमधून बाहेर आलेले बाइट दिसायला अगदी रँडमच असतात. दोन वेगळ्या मशिनवर नेमका एकच पीआयडी पडला आणि दोन्ही किल्ल्या कोणी शेजारी ठेवून पाहिल्या तरच लक्षात येणार. सॉफ्टवेअर तुटलं असतं तर दुसऱ्या दिवशी बग आला असता, इथे सगळं सुरळीत चालू होतं आणि तक्रार होती ती वॉर्निंगसुद्धा गेली होती.

बरं, मेंटेनरने न विचारता केलं असंही नाही, हे मी मुद्दाम सांगतो कारण त्या माणसावर तेव्हा फार वाईट टीका झाली. मे २००६ च्या सुरुवातीलाच त्याने ओपनएसएसएलच्या डेव्हलपरांच्या मेलिंग लिस्टवर विचारलं होतं. दोन्ही ओळींचे नंबर दिले, वॉर्निंग काय येतात ते सांगितलं, या दोन ओळी कॉमेंट कराव्यात, म्हणजे चालणार नाहीत अशा करून ठेवाव्यात असं वाटतं म्हणाला, आणि याचा जनरेटरवर नेमका काय परिणाम होईल ते मला माहीत नाही हेही प्रामाणिकपणे लिहिलं. अपस्ट्रीमच्या बाजूने एकाचं उत्तर आलं की डीबगिंगला (चुका शोधायला) मदत होत असेल तर त्या काढून टाकायच्या बाजूने मी आहे. झालं. मेंटेनरने ते ‘होय’ समजून घेतलं, आणि उत्तर देणाऱ्याने बहुतेक असं धरलं असावं की कोणीतरी आपल्या मशिनवर डीबगिंगपुरतं काढतोय. लाखो लोकांच्या पॅकेजमध्ये हे कायमचं जाणार आहे हा धागा प्रश्नात कुठेच ठळक नव्हता, आणि ओळींचे नंबर उघडून दोन्ही फंक्शनं शेजारी ठेवून कोणी पाहिली नाहीत.

नंतर ओपनएसएसएलच्या बेन लॉरी यांनी जाहीरपणे लिहिलं की डिस्ट्रोवाल्यांनी (डेबियनसारखी लिनक्स बनवून देणाऱ्यांनी) दुरुस्त्या स्वतःच्या पॅकेजमध्ये करूच नयेत, अपस्ट्रीमला पाठवाव्यात. त्यावर डेबियनच्या बाजूने म्हटलं गेलं की विचारलं होतं की, तुमच्याच लिस्टवर. मला विचाराल तर दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. विचारलं होतं हे खरं, पण पॅच, म्हणजे कोडमधला नेमका बदल फाइल करून, पाठवला नव्हता. प्रश्न विचारणं आणि पॅच पाठवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रश्न वाचणारा जाता जाता उत्तर देतो, पॅच आला की त्याला तो स्वतःच्या मूळ कोडमध्ये घ्यायचा असतो, त्याची जबाबदारी त्याच्यावर येते, मग तो उघडून बघतो, डिफमध्ये फंक्शनचं नाव दिसतं, आजूबाजूच्या ओळी दिसतात. या प्रकरणात तो पॅच अपस्ट्रीमला पुढे केला असता तर ‘अरे, पहिली ओळ का काढतोयस’ असं कोणीतरी म्हणालं असतं असं मला मनापासून वाटतं.

आणि हा डिफचा मुद्दा. वर सांगितलं तसं तेव्हा सगळे बदल एका डिफमध्ये गुंडाळलेले. बाहेरच्या कोणाला डेबियनने ओपनएसएसएलच्या कोडमध्ये काय बदललंय हे बघायचं असेल तर तो पूर्ण डिफ उलगडून त्यातून सी फाइलींचे तुकडे वेचायला लागायचे. कोण करणार? वीस महिन्यांत पॅकेजच्या कितीतरी आवृत्त्या आल्या आणि हा बदल प्रत्येक वेळी सोबत पुढे गेला. एकदा डिफमध्ये शिरलेली गोष्ट अपडेटच्या वेळी आपोआप लागू होत राहते, नवीन टारबॉलवर बसली की मेंटेनरला बरं वाटतं, ती अजून हवीय का हे कोणी विचारत नाही. मी स्वतः नवीन अपस्ट्रीम रिलीज आलं की आधी जुने पॅच एकेक करून काढून बघतो, त्यांच्याशिवाय बिल्ड होतंय का, आणि होत असेल तर तो पॅच ठेवण्याचं कारण नव्याने लिहितो. वेळ जातो, पण ही सवय मला याच प्रकरणाने लावली.

आता दुरुस्तीकडे येऊ, कारण पॅकेज अपडेट करणाऱ्यांसाठी हा भाग तेवढाच महत्त्वाचा आहे. एरवी सिक्युरिटी अपडेट म्हणजे काय, स्टेबलमध्ये नवीन व्हर्जन घालत नाहीत, जुन्याच व्हर्जनवर तेवढी दुरुस्ती बसवतात. इथेही एचसाठी ०.९.८सी-४एच३ आलं, अनस्टेबलसाठी ०.९.८जी-९. ओळ परत आली, लायब्ररी बरी झाली. पण लायब्ररी बरी झाल्याने किल्ल्या बऱ्या होत नाहीत. वीस महिन्यांत बनलेली प्रत्येक किल्ली डिस्कवर तशीच पडलेली, आणि नुसती त्या मशिनवर नाही, तिचा पब्लिक भाग (दुसऱ्यांना द्यायचा अर्धा) जिथे जिथे कॉपी केलाय तिथे सगळीकडे. दुसऱ्या कुठल्या लिनक्सवर किंवा बीएसडीवर चालणारा सर्व्हर, ज्यात हा दोष कधीच नव्हता, तोही उघडा, कारण कोणीतरी आपल्या डेबियन लॅपटॉपवर बनवलेली किल्ली तिथे ठेवलीय.

डीएसए प्रकारच्या किल्ल्यांचं तर आणखी अवघड. त्यात प्रत्येक सही करताना एक नवा गुप्त आकडा लागतो, तो कळला की सहीवरून मूळ किल्लीच काढता येते. म्हणजे निर्दोष मशिनवर बनवलेली धडधाकट डीएसए किल्लीसुद्धा या सदोष लायब्ररीतून एकदा जरी वापरली असेल तरी ती गेली असंच धरायचं. ग्नूपीजी आणि ग्नूटीएलएस ही एन्क्रिप्शनची दुसरी सॉफ्टवेअर वाचली, ती ओपनएसएसएलचा जनरेटर वापरत नव्हती.

म्हणून अ‍ॅडव्हायजरीच्या दुसऱ्याच दिवशी ओपनएसएसएचचं (एसएसएच लॉगिन चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट आलं, आणि माझ्या मते पॅकेजिंगमधलं हे खूप नीट केलेलं काम आहे. सगळ्या ज्ञात कमकुवत किल्ल्यांची यादी एका वेगळ्या ब्लॅकलिस्ट पॅकेजमध्ये घातली. सर्व्हरने त्या यादीतली किल्ली आली की लॉगिनच नाकारायचं. अपडेट होताना मशिनची स्वतःची होस्ट किल्ली यादीत सापडली तर ती तिथेच नवीन बनवायची आणि वापरणाऱ्याला तसं स्क्रीनवर सांगायचं. आणि सोबत एसएसएच-व्हल्नकी नावाचं छोटं टूल, जे तुमच्या किल्ल्या तपासून देतं. डेबियनने स्वतःच्या प्रोजेक्टच्या मशिनांवर किल्लीने लॉगिन करणंच बंद करून टाकलं होतं.

हे मी तेव्हा वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिलंय. हॉस्टेलवर होतो, मित्राने पोस्टाने मागवलेल्या उबुंटू ८.०४ च्या सीडीवरून मशिन लावलं होतं. त्या सीडीवर सदोष पॅकेज होतं, साहजिकच, सीडी छापली तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. आणि आमचं इंटरनेट असं की मोठं अपडेट रात्री लावून झोपायचं. मी हौसेने किल्ली बनवून कॉलेजच्या लॅबमधल्या सर्व्हरवर टाकून ठेवली होती, पासवर्ड टाकायला नको म्हणून. अपडेट उतरल्यावर व्हल्नकी चालवलं आणि माझ्या किल्लीपुढे ‘कॉम्प्रोमाइझ्ड’ हा शब्द मोठ्या अक्षरात आला. लॅबच्या सर्व्हरवर वेगळंच लिनक्स होतं, त्यामुळे तिथल्या सरांना वाटत होतं आपला काही संबंध नाही. त्यांना जाऊन समजावलं की सर, सर्व्हर तुमचा चांगलाय पण कुलपाची किल्ली माझी आहे आणि ती बाजारात मिळतेय. मग आम्ही दोघांनी बसून प्रत्येकाच्या होम डिरेक्टरीतली ऑथराइज्ड किल्ल्यांची फाइल (कोणत्या किल्लीने आत येता येईल त्याची यादी) उघडून तपासली. आणखी तीन सापडल्या, त्यातली एक पास होऊन गेलेल्या मुलाची, ज्याला सांगायला कोणी नव्हतं. काढून टाकली.

अशा राहून गेलेल्या किल्ल्या किती काळ टिकतात बघा, २०१५ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर लोकांच्या पब्लिक किल्ल्या कोणीतरी तपासल्या तेव्हा त्यातही या बत्तीस हजारांतल्या सापडल्या आणि गिटहबला त्या रद्द कराव्या लागल्या. दुरुस्तीनंतर सात वर्षांनी.

डेबियनच्या कामाच्या पद्धतीत नंतर जे बदलत गेलं ते सगळं याच एका प्रकरणामुळे असं म्हणणार नाही, पण त्याच दिशेने गेलं. ३.० क्विल्ट नावाचा सोर्स फॉरमॅट रूढ झाला, त्यात प्रत्येक बदल वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या नावाने, पॅचेसच्या फोल्डरमध्ये. पॅचच्या डोक्यावर काय लिहायचं याचीही पद्धत ठरली, डेप-३, त्यात वर्णन, मूळ कुठून आलं, कोणत्या बगसाठी, आणि ‘फॉरवर्डेड’ हे फील्ड, अपस्ट्रीमला पाठवलं का, पाठवलं तर कुठे. सोर्सेस डॉट डेबियन डॉट ऑर्गवर आज कोणत्याही पॅकेजचे पॅच ब्राउझरमध्ये उघडून वाचता येतात, डाउनलोडसुद्धा करायला नको. नवीन मुलांना मी हेच करायला सांगतो, तुम्ही रोज वापरता त्या एका पॅकेजचे पॅच आज वाचा, आणि ‘फॉरवर्डेड: नो’ दिसलं तर का नाही याचं कारण शोधा.

गेल्या महिन्यात माझ्याच एका छोट्या पॅकेजवर असाच बग आला, व्हॅलग्राइंडची वॉर्निंग, सोबत तयार पॅच, दोन ओळी काढून टाका म्हणून. पॅच देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. मी दोन्ही ओळी ज्या फंक्शनांत आहेत ती पूर्ण वाचली. एक ओळ खरंच निरुपयोगी होती. दुसरीत, अ‍ॅरे (मूल्यांची रांग) बनवणारं फंक्शन शेवटचा घटक भरायला विसरत होतं, म्हणजे वॉर्निंग बरोबर पण जागा चुकीची. मग त्या बनवणाऱ्या फंक्शनमध्ये दुरुस्ती केली, दोन वेगळे पॅच केले, दोन्ही अपस्ट्रीमला पाठवले, आणि स्पष्ट लिहिलं की हे डेबियनच्या पॅकेजमध्ये सगळ्या वापरणाऱ्यांकडे जाणार आहे, डीबगिंगपुरतं नाही. पहिला त्यांनी घेतला. दुसऱ्यावर त्यांनी उलट विचारलंय की हा घटक शून्याने भरायचा की आधीच्या मूल्याने, आणि प्रश्न बरोबर आहे, मला त्याचं उत्तर अजून पक्कं माहीत नाही. तोपर्यंत नवीन आवृत्ती मी त्या पॅचशिवायच अपलोड केलीय, बग उघडा ठेवलाय, आणि ज्याने तक्रार केली होती त्याला तसं कळवलंय.